वाचकांचे प्रश्न : पुरवठा साखळीचं पदव्युत्तर शिक्षण

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये दोन वर्षं काम करतो. सप्लाय चेनमध्ये एमबीए करायचं आहे. परीक्षा कोणती द्यावी आणि कॉलेज कशावरून निवडावं?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : पवईची १९६३ साली स्थापन झालेली ‘नीटी’ (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग) २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथे ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचा स्वतंत्र एमबीए आहे आणि प्रवेश कॅटमधून मिळतो. नाशिकच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ ऑपरेशन्स मॅनेजमेंटसाठी स्नॅप द्यावी लागते. विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांसाठी राज्याची एमबीए सीईटी आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या आहेत. या कॉलेजांत पहिल्या वर्षी बहुतेक विषय सर्वसाधारण व्यवस्थापनाचे असतात आणि स्पेशलायझेशनला खरी जागा दुसऱ्या वर्षी मिळते, हे लक्षात ठेवा.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची प्रत मागवा. संख्याशास्त्र, फोरकास्टिंग (मागणीचा अंदाज), इन्व्हेंटरी (मालाचा साठा) आणि ऑप्टिमायझेशन (सर्वांत फायदेशीर पर्याय गणिताने काढणं) या चार विषयांना मिळून किती क्रेडिट आहेत ते मोजा. मग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा : उन्हाळी इंटर्नशिपमध्ये कंपनीचा डेटा हातात मिळाला, की नुसता अहवाल लिहून घेतला? प्लेसमेंटच्या पत्रकापेक्षा या उत्तरावरून जास्त कळतं. मुलाखतीत तुमची दोन वर्षं उपयोगी पडतील, पण ‘स्टोअर्स सांभाळलं’ एवढ्यावर थांबू नका. सिस्टिममधला साठा आणि प्रत्यक्ष मोजणी यांत फरक कुठे येत होता आणि का, हे एखाद्या आयटमच्या उदाहरणासह सांगा.

प्रश्न : एमबीएच्या प्रोजेक्टसाठी एका सुट्या भागाचा सेफ्टी स्टॉक (अनपेक्षित गरजेसाठी राखून ठेवायचा जादा साठा) काढला. दोनशेच्या आसपास नग आले. कंपनीचे स्टोअर्स मॅनेजर म्हणतात, एवढ्यात लाइन थांबेल. सूत्र तर पुस्तकातलंच आहे. चूक कुठे?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पत्रासोबतचे आकडे असे आहेत : रोजची सरासरी मागणी २०० नग, तिचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढ-उतार) ४०, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंतचा काळ) सरासरी ९ दिवस, त्याचं प्रमाण विचलन ३ दिवस, सर्व्हिस लेव्हल ९५ टक्के, म्हणून झेड (त्या टक्केवारीसाठी तक्त्यातून घ्यायचा गुणक) १.६४५. तुम्ही ४० ला ९ च्या वर्गमुळाने गुणलं, १२० आले आणि झेडने गुणून १९७. हे सूत्र लीड टाइम पक्का असेल तेव्हाचं आहे. इथे पुरवठादार कधी सहा दिवसांत माल देतो, कधी बारा.

अशा वेळी दोन वर्ग मिळवायचे. मागणीचा भाग : ९ × ४० × ४० = १४,४००. लीड टाइमचा भाग : २०० × २०० × ३ × ३ = ३,६०,०००. बेरजेचं वर्गमूळ सुमारे ६१२, आणि सेफ्टी स्टॉक सुमारे १,००७ नग. रीऑर्डर पॉइंट (साठा जिथवर उतरला की नवी ऑर्डर द्यायची तो आकडा) म्हणजे ९ दिवसांची मागणी १,८०० अधिक १,००७, अर्थात २,८०७. मॅनेजरचं बरोबर आहे.

पण प्रोजेक्टचा खरा निष्कर्ष याच्या पुढे आहे. फोरकास्ट सुधारून मागणीचं विचलन निम्मं, म्हणजे २० केलं, तरी सेफ्टी स्टॉक ९९२ वरच राहतो. उलट लीड टाइमचं विचलन ३ वरून १ दिवसावर आणलं, तर तो ३८४ वर येतो. कंपनीने नव्या फोरकास्टिंग सॉफ्टवेअरवर खर्च करावा, की पुरवठादाराशी बसून डिलिव्हरीचं वेळापत्रक पक्कं करावं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. अहवालात ते ठळक लिहा.

आता डेटा पुन्हा तपासा. लीड टाइम पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) तारखेपासून माल वापरायला मोकळा होईपर्यंत धरा. गाडी गेटवर आली तरी इन्स्पेक्शन आणि जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या नोंदीत) दोन दिवस जातात. मागणी कामाच्या दिवसांची आणि लीड टाइम कॅलेंडरच्या दिवसांचा, अशी सरमिसळ फार होते. एक पीओ तीन खेपांत आला असेल, तर पहिल्या खेपेची तारीख घेऊन चालत नाही. शिवाय स्टॉक संपलेल्या दिवसांची नोंद ‘इश्यू शून्य’ (स्टोअर्समधून काही दिलं नाही) अशी दिसते, पण त्या दिवशी मागणी शून्य नव्हती. ते दिवस वेगळे काढा.

दोन मर्यादाही लिहा. ९५ टक्के म्हणजे शंभर ऑर्डर-चक्रांपैकी ९५ मध्ये तुटवडा येणार नाही. ९५ टक्के नग वेळेवर मिळतील असा त्याचा अर्थ नाही, तो फिल रेट वेगळा. आणि माल एरवी सात दिवसांत येतो पण अधूनमधून वीस दिवस लागतात, असं असेल तर हे सूत्र फसतं. मग जुन्या नोंदींतून यादृच्छिक लीड टाइम उचलून एक्सेलमध्ये हजारेक फेऱ्यांचं सिम्युलेशन करा.

प्रश्न : मी उरणला कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात कागदपत्रं पाहतो आणि सोबत पदव्युत्तर पदविका करतो आहे. आमचे बहुतेक निर्यातदार करारात एफओबी (फ्री ऑन बोर्ड) ही अट लिहितात. वर्गात मात्र कंटेनरसाठी एफसीए (फ्री कॅरिअर) वापरा असं शिकवतात. का?
– एक वाचक, उरण

उत्तर : इन्कोटर्म्स २०२० मध्ये, म्हणजे माल कुठे द्यायचा आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत, ११ अटी आहेत. त्यांतल्या एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या चार फक्त जलवाहतुकीच्या. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. कंटेनर मात्र न्हावा-शेव्याच्या सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये) किंवा टर्मिनलवर आधीच ताब्यात दिलेला असतो. त्यानंतर तो यार्डात आदळला किंवा द्राक्षांच्या रीफरची (थंड कंटेनरची) वीज गेली, तर निर्यातदाराच्या हातात काही नसतं, तरी नुकसान त्याचं. एफसीएमध्ये ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल देताच जोखीम सरते.

लोक एफओबीला चिकटतात ते एलसीमुळे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी), कारण बँकेला ‘ऑन बोर्ड’ शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) लागतं. २०२० च्या नियमांत एफसीएसाठीही त्याची सोय आहे : खरेदीदाराने वाहतूकदाराला तसं बिल विक्रेत्याला देण्याची सूचना द्यावी, असं करारात ठरवता येतं. शिपिंग बिलात (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदात) एफओबी मूल्य भरावं लागतं हे खरं, पण ती कस्टम्ससाठीची किंमत आहे. करारातली अट वेगळी असू शकते.

प्रश्न : अमेरिकेतल्या एमआयटीचा सप्लाय चेनमधला ऑनलाइन मायक्रोमास्टर्स (प्रमाणपत्र कार्यक्रम) एमबीएऐवजी चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पदवी म्हणून नाही. त्यात पाच अभ्यासक्रम आणि शेवटी एक सर्वंकष परीक्षा असते, आणि गणित चांगलंच कसाला लावणारं आहे. नोकरी सांभाळून विषय पक्का करायचा असेल, तर जरूर करा. सुरुवात अ‍ॅनालिटिक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमापासून करा. तो टाळून पुढे गेलात, तर इन्व्हेंटरीच्या प्रकरणात अडाल.