पाच आठवड्यांचा कोरडा खोकला

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते व घरी विड्या वळते. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेहून आल्यावर सर्दी-ताप झाला. ताप चार दिवसांत उतरला. परंतु कोरडा खोकला पाच आठवडे झाले तरी थांबलेला नाही. रात्री आडवे होताच घसा खवखवतो आणि ढास लागते. मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. शेजारणीच्या सांगण्यावरून मी दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळते. घरातील दहा महिन्यांच्या नातवालाही अधूनमधून खोकला येतो. त्याला मध चाटवावा का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी नातवाविषयी लिहितो, कारण ती बाब थांबण्यासारखी नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध मुळीच देऊ नये, बाळगुटी उगाळतानादेखील नाही. मधात क्वचित असणारे बोट्युलिनम जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. खोकल्याचे सिरपही त्याला देऊ नका. 2025 मध्ये मध्य प्रदेशात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपमुळे लहान मुले दगावली, त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. अंगावरचे दूध सुरू ठेवावे आणि नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब डॉक्टरांना विचारून घालावेत. बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक वेळा होत असेल, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आता आपल्या खोकल्याकडे वळू. विषाणूजन्य सर्दीनंतर घशाचे व श्वासनलिकेचे अस्तर काही काळ हळवे राहते आणि असा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो, त्यामुळे आपलाही खोकला त्याच प्रकारचा असणे शक्य आहे. तरीही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकाची क्षयरोगासाठी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा नियम असल्यामुळे ही तपासणी आपण टाळू नये. ती सिव्हिलमध्ये म्हणजेच श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात विनामूल्य होते. बेडका पडत नसेल तर छातीचा एक्स-रे काढतात. वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काहीही असेल तर उद्याच जावे.

रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्यावर रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा लिसिनोप्रिल असे नाव असेल तर गोळी हेच खोकल्याचे कारण असू शकते. या गटाच्या औषधांमुळे घशात गुदगुल्या होऊन कोरडी ढास लागते आणि ती स्त्रियांमध्ये अधिक आढळते. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर तिच्याऐवजी दुसऱ्या गटातील औषध देतात आणि त्यानंतर बहुधा काही आठवड्यांत खोकला थांबतो. ज्येष्ठमध मात्र आजच सोडा. घशाला ते सुखावते हे खरे. परंतु त्यातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब वाढवते, म्हणून ज्याच्यासाठी आपण गोळी घेता तोच आजार बळावतो.

तंबाखूची बारीक भुकटी हेही कारण नाकारता येत नाही. ती चाळताना व विड्या वळताना नाका-तोंडावर ओला रुमाल किंवा मास्क बांधावा, काम दारापाशी किंवा ओसरीवर करावे, नंतर लुगडे बदलून हातपाय धुवावेत आणि खोली कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. पोटासाठी हे काम करणाऱ्या सोलापूरच्या हजारो स्त्रियांनी आपला खोकला नशिबाचा भाग मानू नये, असे मला मनापासून वाटते.

घसा शांत ठेवण्यासाठी झोपताना एक चमचा मध कोमट पाण्यात घ्यावा. मधुमेह असेल तर आधी विचारावे. ढास येते असे वाटताच खडीसाखर किंवा लवंग तोंडात ठेवून लाळ गिळत राहावी आणि नाकाने संथ श्वास घ्यावा, कारण खोकल्याने घसा सोलवटतो आणि सोलवटलेला घसा पुन्हा खोकला आणतो. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे व खाटेचा डोक्याकडचा भाग थोडा उंच करावा, म्हणजे आम्ल घशाशी येणार नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आपले आवडीचे जेवण. पण सध्या भाकरी आमटीत कुस्करून खावी आणि चटणी बाजूला ठेवावी. पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नये. वाफारा घेतलाच तर उकळत्या पाण्याचे पातेले नातवापासून दूर ठेवा.

प्रश्न : मी सूतगिरणीत काम करतो. सुट्टीनंतर कामावर रुजू झालो की पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि कोरडा खोकला येतो. हे काय असावे?
— एक कामगार, सोलापूर

उत्तर : आपण सांगितलेली खूण कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराशी जुळते. पिंजण व कार्डिंग (कापूस विंचरण्याच्या) विभागात त्याचा धोका सर्वाधिक असतो. कामाआधी व कामानंतर फुंकून करावयाची फुप्फुसांची स्पायरोमेट्री चाचणी छातीच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. निदान झाल्यास कमी धुळीच्या विभागात बदली मागावी आणि धूम्रपान करीत असाल तर ते पूर्ण सोडावे. विकार जुना झाला की फुप्फुसांची झालेली हानी भरून निघत नाही.