काकीचं बक्षीसपत्र

प्रश्न : मंगळवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर २०१९ला पुतण्याला बक्षीसपत्रानं दिलं. ‘काकी, शेवटपर्यंत सांभाळतो’ म्हणाला होता. आता न्हाणीला कुलूप घालतो. वय ७१. घर परत मिळेल?

उत्तर : काकी, नुसतं मन फिरलं म्हणून नोंदणीकृत बक्षीसपत्र मोडत नाही. एकतर्फी, म्हणजे पुतण्याच्या सहीशिवाय, रद्दपत्र करून देणारा कुणी भेटला तर पैसे घालवू नका. तुमची वाट २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं, अर्ज तिथंच करायचा. आधी दस्त वाचा. ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ अशी ओळ आहे? लिहिणारे बहुधा ‘प्रेमापोटी’ एवढंच लिहितात, तिथंच घोडं पेंड खातं. ओळ नसेल तर पुतण्याचं वेगळं लेखी वचन शोधा. कुलपाचा फोटोही काढून ठेवा.