सांगलीत नोकरी करता करता सप्लाय चेनचं काम प्रत्यक्ष कसं शिकता येईल?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, कुपवाड एमआयडीसीत स्टोअरला लागलाय, आणि पुण्याला जाऊन महागडा कोर्स करावा का असा विचार चाललाय. मी इथेच खरेदी विभागात आहे. माझं मत: आत्ता नको. आधी समोरचं इनवर्ड रजिस्टर, म्हणजे आत आलेल्या मालाची नोंदवही, वाचायला शिका.

एकच माल धरा, समजा पॅकिंगचे पुठ्ठ्याचे बॉक्स. मागच्या वर्षातल्या प्रत्येक खेपेच्या पाच तारखा एक्सेलमध्ये उतरवा: इंडेंट (माल हवा अशी आतली मागणी) कधी आला, पीओ (सप्लायरला दिलेली खरेदीची ऑर्डर) कधी निघाला, सप्लायरचं बिल कधीचं, गाडी गेटवर कधी आली, आणि तपासणी होऊन जीआरएन (माल ताब्यात घेतल्याची नोंद) कधी झाला. उशिराचं खापर सगळीकडे सप्लायरवर फुटतं. तारखा मांडल्या की बरेचदा वेगळंच निघतं: पीओ सहीसाठी टेबलावर पडून होता, नाहीतर आलेला माल आपल्याच गेटच्या आत तपासणीची वाट बघत होता.

आता हिशेब. रोज सरासरी 40 बंडलं लागतात, कधी 55. माल सरासरी 6 दिवसांत येतो, कधी 10 लागतात. सरासरीने 240 पुरेत, वाईटात वाईट धरलं तर 550. मधली 310 हा सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, आणि शिल्लक 550 वर आली की ऑर्डर टाकायची. पद्धत ढोबळ आहे. सरसकट सगळ्या मालाला लावलीत तर गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा उरणार नाही. ज्याच्यावाचून लाईन थांबते त्यालाच लावा. खरी गंमत पुढे आहे: ते 10 दिवस 7 वर आणले तर 385 वर भागतं. 165 बंडलांचा पैसा मोकळा, तोही सप्लायरशी भावावरून घासाघीस न करता.

एबीसी वर्गवारी (किमतीच्या महत्त्वानुसार मालाचे गट), फिफो (आधी आलेला माल आधी वापरायचा) वगैरे गोष्टी एका दुपारी समजतात, त्यावर वेळ घालवू नका.

त्यापेक्षा एक दिवस रजा काढून सांगली किंवा तासगावला बेदाण्याचा सौदा बघून या. द्राक्षाचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर काही महिन्यांचा, बेदाणा मात्र वर्षभर विकायचा. म्हणून कोल्ड स्टोरेज, म्हणून भाडं, म्हणून बँकेचं व्याज. ओळखीच्या अडत्याला विचारा, माल एक महिना थांबवला तर किलोमागे काय पडतं? त्याला ते तोंडपाठ असतं. कारखान्यातल्या किती मॅनेजरांना असतं, देव जाणे. जोखीमही त्याच हिशेबात धरायची असते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत) हळद वर्षानुवर्षं नीट राहायची, पण 2005 च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं.

दिवाळीच्या आधी आणखी एक गोष्ट दिसेल. दुकानदार तुटवड्याच्या भीतीने थोडा जास्त माल मागतो, होलसेलवाला त्यावर आणखी चढवतो, आणि मूळ विक्री थोडीच वाढलेली असताना शेवटच्या पुरवठादाराला मागणी दुप्पट झाल्यासारखी वाटते. यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. उपाय साधा, पण कुणी करत नाही: पुढच्याला ‘ऑर्डर किती’ विचारू नका, ‘गेल्या आठवड्यात विकलं किती’ ते विचारा. एमआयटीत 1960 च्या सुमारास यावर ‘बीअर गेम’ नावाचा खेळ तयार झाला. चौघं मित्र, थोडी नाणी आणि चिठ्ठ्या एवढ्यावर घरीही खेळता येतो.

कोर्सची हौस असेलच तर स्वयं-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, फी फक्त परीक्षेची. आधी एक्सेलचं पिव्होट टेबल (लांबलचक यादीचा गोषवारा काढायची सोय) हातात बसू द्या, एसएपी (कंपन्यांचं खरेदी-साठा-हिशेबाचं सॉफ्टवेअर) नंतर.

आणि ट्रान्सपोर्टवाल्याशी अधूनमधून चहाला बसत जा. कुठल्या गावाहून गाड्या रिकाम्या परततात, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्या बाजूचा सप्लायर असेल तर परतीच्या गाडीत माल आणा, भाडं बरंच कमी बसतं.