विचारा, सांगतो : विहिरीचं पाणी आणि उन्हाचा गॅस

प्रश्न : यावल तालुक्यात माझी केळी आहे. विहिरीवर पाच एचपीचा सौरपंप बसवलाय. पाण्याची पाळी नसली की पॅनेल नुसती उन्हात उभी असतात. मोबाईलवर पाहिलं, की पाण्यात एक पावडर टाकून उन्हात ठेवलं तर हायड्रोजन निघतो. हे खरं आहे का? विहिरीच्या पाण्यावर घरचा गॅस सिलिंडर बंद होईल का? – एक केळी उत्पादक

उत्तर : भाऊ, पावडरीची गोष्ट खरी आहे. सिलिंडर मात्र बंद होणार नाही. दोन्ही का, ते सांगतो.

१९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवलं, म्हणजे त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा केला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. अडचण एवढीच, की त्याला फक्त अतिनील किरण चालतात आणि आपल्या उन्हात ते असतात जेमतेम चार-पाच टक्के. बाकीचं ऊन त्याच्या लेखी फुकट. तेव्हापासून जगभर शोध चाललाय तो डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पचवेल अशा पावडरीचा, आणि ती पाण्यात वर्षानुवर्षं टिकायलाही हवी.

जपानमध्येच टोकियो विद्यापीठाच्या काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरवर पाणी फोडणाऱ्या पावडरीचे पत्रे उघड्यावर मांडले. २०२१ साली त्याचा निकाल छापून आला. १०० चौरस मीटर म्हणजे आपला एक गुंठा! ऐन भरात असताना उन्हातली ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. खान्देशातल्या चांगल्या उन्हाच्या दिवशी अख्ख्या गुंठ्याचे, फार तर, सव्वाशे ग्रॅम झाले. शिवाय या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर पडतात. ते मिश्रण ठिणगीची वाट पाहत असतं, म्हणून पडद्यातून गाळून वेगळं करावं लागतं. व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

आता तुमच्या पॅनेलचं बघू. पॅनेलची वीज घेऊन इलेक्ट्रोलायझरने पाणी फोडायचं, हा रस्ता आज पक्का आहे आणि पावडरीच्या कितीतरी पुढे आहे. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तुमची पॅनेल दिवसाला वीस-बावीस युनिट देत असतील, म्हणजे झाला सुमारे ४०० ग्रॅम. दाब न देता साठवायचा तर पाच हजार लिटरची टाकी भरेल! आणि जाळला तर उष्णता मिळेल जेमतेम एक किलो एलपीजीइतकी. त्यावर जनरेटर चालवून परत वीज करायला गेलात तर बावीसातले चार-पाच युनिट हाती लागतील. त्यापेक्षा पंप थांबला की तीच वीज घरात वापरता येईल अशी जोडणी करून घ्या, इंडक्शनवर स्वयंपाक होईल. (हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. चुलीपाशी असलं काही मला तरी नको.)

मुळात पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. राखेतून परत इंधन करायचं तर जेवढी ऊर्जा मिळाली होती त्याहून जास्त ओतावी लागते. इंधन आहे ते ऊन. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ विकायला कोणी आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग सरकार एवढा पैसा का लावतंय? जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झालं. हरित म्हणजे ऊन-वाऱ्यासारख्या स्वच्छ ऊर्जेतून काढलेला. तेव्हा २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. तो हायड्रोजन मुख्यतः कारखान्यांसाठी आहे. तुमच्या केळीला पडणारा युरिया अमोनियापासून होतो, अमोनिया हायड्रोजनपासून, आणि तो हायड्रोजन आज बहुतेक नैसर्गिक वायूतून काढतात. त्यात हायड्रोजनच्या किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तिथे वीज थेट वापरून भागत नाही, हायड्रोजनच लागतो. म्हणून माझं मत असं, की उन्हाचा हायड्रोजन तुमच्या शेतात येईलच, पण खताच्या गोणीतून.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. मग सौर हायड्रोजनला खान्देश सगळ्यात चांगला नाही का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : ऊन चांगलंच आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उगाच नाही उभा राहिला. पण पॅनेलला प्रकाश हवा, ताप नको. पॅनेलचं अंग ६५ अंशांवर गेलं की २५ अंशांच्या मानाने वीज सुमारे पंधरा टक्के घटते. इलेक्ट्रोलायझरचं उलटं आहे, कोमट पाणी फोडायला वीज थोडी कमी लागते. म्हणून काही संशोधक पॅनेलमागून पाणी फिरवून तिची उष्णता पुढे वापरायच्या खटपटीत आहेत. मला ही वाट आपल्याकडे फार जमण्यासारखी वाटते.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मिठाच्या पाण्यात स्टीलचे चमचे घालून बॅटरीने हायड्रोजन काढू का? – इयत्ता नववी, अमळनेर

उत्तर : नको रे बाबा. मिठातून क्लोरीन सुटतो, आणि स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते विषारी. धुण्याचा सोडा आणि पेन्सिलीची शिसं घे, नऊ व्होल्टची बॅटरी पुरे. दोन्ही शिशांवर पाण्याने भरलेल्या दोन वेगळ्या नळ्या उपड्या धर. जिच्यात दुप्पट वायू साठेल तो हायड्रोजन. काडी लावून ‘फट्’ आवाज ऐकायचा तर सर शेजारी असताना, उघड्यावर, आणि छोट्याच नळीत.