घोटभर पाणीच तर मागतात

"ताई, तहानलेल्या माणसाला पाणी नाकारायचं, हे माझ्याच्यानं होत नाही."

काकूंच्या यजमानांना पक्षाघात झालेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पातळ काही देऊ नका, घट्ट करून द्या, असं रुग्णालयात बजावलं होतं. दिवसभर काकू ते पाळायच्या. रात्री काकांनी हात धरला की चमचा-चमचा साधं पाणी पाजायच्या. "ठसका तर लागत नाही ना!"

ठसका लागत नसेल तर थोडं साधं पाणी दिलं तर काय बिघडलं, हा प्रश्न बऱ्याच घरांतून येतो. मनात पापाची टोचणी असते, त्यामुळे नुसतं "देऊ नका" म्हणून भागत नाही. मी विचारलं, खाल्ल्या-प्यायल्यावर आवाज कसा येतो? "घशात पाणी असल्यासारखा, घरघरता." अधूनमधून तापही येत होता. पाणी फुप्फुसात जात असल्याच्या या खुणा असू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

पक्षाघातानंतर घशाची संवेदना बोथट होऊ शकते. मग पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येत नाही. त्यात पाणी भरकन घसरतं, श्वासनलिका झाकली जायच्या आतच घशात पोचतं. बर्फाचा खडासुद्धा तोंडात पाणीच होतो.

बोलता बोलता लक्षात आलं, काकांना हे कुणी समजावलंच नव्हतं. शब्द अडखळतात, पण कळतं सगळं! मुलगाही आला की "आई, किती कडक झालीस" म्हणायचा. पुढच्या भेटीला तिघांना एकत्र बसवलं. स्पीच थेरपिस्टनी (बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही तेच बघतात) गिळणं पुन्हा तपासून घट्टपणा ठरवून दिला. आता काका खुर्चीत ताठ बसून, टीव्ही बंद ठेवून, लहान चमच्यानं घट्ट चहा घेतात. पहिला घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. लुळ्या बाजूच्या गालात घास अडकलाय का, ते काकू बघतात. दात-जीभ रोज साफ करतात, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले तरी न्यूमोनिया होऊ शकतो. हनुवटी खाली करून गिळणं मात्र सगळ्यांना लागू पडत नाही. थेरपिस्टनी सांगितलं तरच करावं.

घट्ट पाणी बेचव लागतं, माणूस कमी पितो. म्हणून लघवी गडद होतेय का, यावर नजर हवी. काका रात्री अजूनही पाणी मागतात. काकू घट्ट पिळलेल्या ओल्या कापडानं त्यांचे ओठ आणि जीभ पुसतात, आणि "का नाही" ते पुन्हा सांगतात.

परवा होळीच्या पुरणाचं विचारत होत्या. पोळी नाही, पण दूध घालून मऊसूत वाटलेलं, गाळलेलं पुरण थेरपिस्टना दाखवून घ्या, म्हटलं.