ऐरोलीच्या खाडीवर हेलिकॉप्टरच्या इंजिनात फ्लेमिंगो घुसला तर?

प्रश्न हवाई दलाच्या एमआय-१७ बद्दल आहे असं धरतो. त्याला दोन इंजिनं असतात. एक गेलं की दुसरं आपोआप जास्त ताकद लावतं, त्यामुळे लगेच कोसळत नाही.

वैमानिक आधी कलेक्टिव्ह (वरच्या पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) थोडा खाली घेतो. वरच्या पंख्याचे फेरे एकदा घसरले की ते परत मिळवायला उंची खर्चावी लागते, आणि खाडीवर ती असतेच कुठे! सहवैमानिक रेडिओवर ‘मेडे’ (संकटाची हाक) देतो, फ्लाइट इंजिनिअर तापमान आणि फेरे वाचून कुठलं इंजिन गेलं ते मोठ्याने सांगतो.

खरी गोम इथे आहे. घाईत कधीकधी चालू इंजिनच बंद केलं जातं. २०१५ मध्ये तैपेईला ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचा घात असाच झाला. म्हणून एकजण लिव्हरवर हात ठेवून ‘डावं?’ विचारतो, दुसरा मीटर बघून ‘डावं’ म्हणतो, मगच इंधन तोडायचं.

वजन भरलेलं असेल तर एका इंजिनावर हवेत स्थिर थांबणं अवघड, त्यामुळे सपाट, कडक जमिनीवर पुढे धावत उतरायचं. ओहोटीच्या चिखलात चाकं रुतून कलंडायची भीती. शिवाय खाडीतले हाय टेन्शनचे मनोरे आहेतच.