मोठी संख्या फोडायला बसताना

सुरुवात तू दादरच्या पिनकोडपासून केलीस, ४०००२८. झकास निवड! पण १०० कोटींच्या पुढच्या संख्यांकडे इतक्यात वळू नकोस. आधी हीच मूळ अवयवांत नीट फोड.

शेवटचे दोन अंक २८, म्हणजे ४ने भाग जातो. उरले १००००७. अंकांची बेरीज ८, तेव्हा ३ बाद. इथवर तुझं बरोबर होतं. पुढे ५०पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंस आणि "ही मूळच" म्हणून मोकळा झालास. सगळे नवखे इथेच घसरतात. मीसुद्धा लोकलमध्ये उभ्या उभ्या १०००१ला मूळ ठरवून बसलो होतो, ती निघाली ७३ × १३७.

थांबायचं वर्गमूळापाशी. १००००७चं वर्गमूळ ३१६च्या जरा पुढे, म्हणजे फार तर ६५ मूळ संख्या तपासायच्या. तुला ९७लाच यश आलं असतं: ९७ × १०३१. आता १०३१साठी ३२पर्यंतच जायचं. काही लागत नाही, ती मूळ.

सध्या एवढंच सांभाळ:
- अवयव सापडला की भागून घे, उरलेल्या संख्येचं वर्गमूळ नव्याने काढ.
- ९१, ११९, १३३ दिसायला मूळ, पण तिघींनाही ७ने भाग जातो.
- २² × ९७ × १०३१ झालं की घातांकांत एकेक मिळवून गुणाकार कर: ३ × २ × २, एकूण १२ विभाजक.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या 'हर्षद' संख्या डहाणूत जन्मलेल्या गणिती द. रा. कापरेकरांच्या. ४०००२८च्या अंकांची बेरीज १४, आणि ७ने भाग जात नाही, मग १४नेही नाही. त्यामुळे ही हर्षद नाही. आता ४०००१४ घे.